पंचफुलाचा हात

सत्कार नावाचा प्रकार ज्याने काढला, त्याला एकदा गाठून जाब विचारावा असं सूर्यभान खिल्लारेला सकाळपासून वाटत होतं. विद्यापीठात वैद्यक आणि यंत्रशास्त्र यांवरचं चर्चासत्र होतं. व्याख्यानं तीन, आणि सत्कार किती ते विचारूच नका. पहिल्या वक्त्याचा सत्कार झाला, मग त्याची ओळख करून देणाऱ्याचा झाला, मग ज्याने हार आणले त्यालाही कुणीतरी मंचावर ओढलं. सूर्यभानचं व्याख्यान शेवटी होतं. त्याच्या वाट्याचा वेळ शाली आणि नारळ खात चालले होते आणि तो मागे बसून नुसता दात-ओठ खात होता.

त्याचा विषय होता, यंत्रात हात गेलेल्या मजुरांसाठी कृत्रिम हात. शेतकी विद्यापीठातला मास्तर तिफणी आणि मळणीयंत्रं सोडून हात कसले बनवतोय म्हणून लोक त्याची टिंगल करत. तो उसळून म्हणे, हात यंत्रातच जातात ना? मग यंत्रं शिकवणाऱ्यांनी नाही बनवायचे तर काय कुंभारांनी बनवायचे?

पहिला हात त्याने पंचफुलासाठी केला होता. ती सेलूची. जिनिंगमध्ये कापूस लोटताना तिचा उजवा हात मनगटापासून गेला. सूर्यभानने चामड्याची बाही शिवून घेतली, पुढे लोखंडाचा दुहेरी आकडा बसवला. सायकलच्या ट्यूबच्या रबरांनी तो आकडा मिटलेला राही. पाठीवरून खांद्याला पट्टा आणि पट्ट्याला ब्रेकची तार. तार ताणली की आकडा उघडे. महिनाभरात ती त्या हाताने बादली उचलायला लागली, झाडायला लागली, वांगी धरून चिरायला लागली. एक गोष्ट मात्र त्याने तिला पुन्हा पुन्हा बजावली होती. वस्तू धरल्यावर कोपर अंगाला लावून ठेवायचं. हात लांबवला की तार आपोआप ताणली जाते आणि आकडा उघडतो. हात लांबवला तरी आकडा मिटून राहावा म्हणून एक खटका बसवायचं त्याच्या मनात होतं, पण अजून जमलं नव्हतं.

आज मुंबईहून हाडांचे मोठे डॉक्टर मिरीकर अध्यक्ष म्हणून आले होते. त्यांनी मान डोलावली की परभणीत असे हात करायचा एक छोटा कारखाना निघणार होता. नाही डोलावली, तर पंचफुलाचा हा हातही परत घ्यावा लागणार होता. तो विद्यापीठाच्या मालकीचा होता, त्यावर पांढऱ्या रंगाने डेडस्टॉकचा नंबरसुद्धा घातला होता. हे पंचफुलाला माहीत होतं. म्हणूनच ती सकाळच्या गाडीने, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. सूर्यभानने आल्या आल्या पाना घेऊन तिच्या हाताचे नट आवळले आणि तेल घातलं. मंचामागे भरलेली बादली, विळी आणि वांगी मांडून ठेवली होती.

चहाच्या सुट्टीत विभागप्रमुख दिनकरराव लगबगीने आले. माणूस वाईट नव्हता, पण कार्यक्रम देखणा झाला पाहिजे या एका ध्यासापायी त्याने आजवर बऱ्याच कार्यक्रमांची माती केली होती.

"खिल्लारे, मला एक कल्पना सुचलीये. डॉक्टरसाहेबांना ही बाईच ओवाळेल. याच हाताने! फोटोवाला बोलावलाय. तुमचं सगळं व्याख्यान एका फोटोत येईल बघा."

ओवाळायचं म्हणजे तबक धरून हात लांब करायचा. त्यात पेटलेलं निरांजन.

"सर, तो हात म्हणजे..."

"म्हणजे काय? चालत नाही?"

"चालतो, सर."

"मग झालं तर."

झालं कसलं? सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सूर्यभानची नोकरी अजून कायम झाली नव्हती, येत्या मुलाखतीला समोर दिनकररावच बसणार होते, आणि घरात इतकं शिकून मंचावर चढलेला तो पहिलाच होता. स्वतःच्याच यंत्राचं उणं साहेबापुढे कसं काढायचं, या विचारात तो घुटमळला आणि दिनकरराव निघूनही गेले. त्याला स्वतःचा इतका राग आला की हातातला चहा त्याने तसाच कुंडीत ओतला.

पुकारा झाला. पंचफुला उठली. तबकाची कड आकड्यात नीट धरली, कोपर अंगाशी लावलं आणि मंचाच्या पायरीशी थांबून तिने सूर्यभानकडे पाहिलं. सभागृहात इतकी माणसं होती, तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. जा.

डॉक्टरांसमोर आल्यावर ती डावा हात लावून तबक सावरायला गेली, तर दिनकररावच ओरडले, "उजवा, नुसता उजवा! फोटोत डावा नको."

तिने डावा हात काढला, उजवा लांब केला, आणि तार ताणली गेली. आकडा उघडला. तबक उलटं होऊन डॉक्टरांच्या मांडीवर पडलं. तेल पॅन्टवर, कुंकू शर्टावर, निरांजन घरंगळत सतरंजीवर. कुणीतरी धावत येऊन ते पायाने विझवलं. फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. मागच्या बाकांवर हशा पिकला, आणि पुढे बसलेल्या बायांमध्ये अपशकुन, अपशकुन अशी कुजबुज सुरू झाली. पंचफुला तिथेच उभी होती. लोखंडी हात पुढे, आकडा उघडा, आणि मिटायचा कसा हेच ती विसरून गेली होती.

मग अर्धा तास डॉक्टरांच्या पॅन्टची शुश्रूषा झाली. कुणी पावडर आणली, कुणी साबण. डॉक्टर बिचारे "असू द्या, असू द्या" म्हणत राहिले. उरलेल्या वेळात सूर्यभानने काय बोलायचं ते बोलून टाकलं. बादलीचं नाव काढताच दिनकरराव खालच्या आवाजात म्हणाले, "नको, आता पाणी तरी सांडू नका."

"तुमचं काम चांगलं आहे," घड्याळ बघत डॉक्टर म्हणाले. "पण हात पुढे केला की वस्तू सुटते. उद्या हिच्या हातून उकळतं कालवण पोराच्या अंगावर गेलं तर?"

"त्याला खटका बसवायचाय, साहेब. मला माहीत आहे ते."

"माहीत आहे ना? मग आधी बसवा आणि मला कळवा. तोवर हा हात कुणाला वापरायला देऊ नका."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि त्यामुळेच सूर्यभानला ते जास्त लागलं. डॉक्टर स्टेशनकडे गेले. आभारप्रदर्शन मात्र सावकाश, साग्रसंगीत झालं.

बाहेर व्हरांड्यात पंचफुला पट्टा सोडत बसली होती. एक बक्कल डाव्या हाताने, दुसरं दातांनी. सूर्यभान मदतीला वाकला तर तिने अंग बाजूला घेतलं. हात निघाला. तिने तो त्याच्या पुढ्यात बाकावर ठेवला.

"सायेब, ह्यो उघडतो ते मला ठाव व्हतं. घरी दोनदा ताट पाडलं म्या." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पर तुमी सकाळी पाना फिरवला, तेल घातलं. मला वाटलं, केलं आसंल बरं. म्हणून तुमच्याकडं बघितलं."

सूर्यभानने बाकावरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"केलं व्हतं का?"

"नाही."

"मंग मान कशाला हलवली?"

कायम न झालेली नोकरी, मुलाखत, दिनकरराव, सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि तिच्यासमोर बोलायची लाज वाटून तिथेच अडकलं. तिने ते न सांगताच ओळखलं असावं.

"तुमाला मोठ्या सायबाला न्हाई म्हणता येत नव्हतं, तर मला सांगायचं व्हतं. मी न्हाई म्हणले असते. माझी कुठं नोकरी हाय हितं?"

तिने पदर ओढून मोकळं मनगट झाकून घेतलं आणि सेलूची गाडी कधी आहे ते विचारलं. त्याला वेळ पाठ होती, पण ती सांगतानाही त्याला तिच्याकडे बघवलं नाही.