महुआपुरव्याची चक्की आणि कांताबाईंचा माठ

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. लखनौकडे मला चक्की म्हणतात. दोन्ही नावं मला शोभतात, कारण मी आहेच शोभिवंत! आता माझ्या अंगावर गंज चढलाय, पट्टा कधीच निघालाय आणि माझ्या वरच्या दगडावर गावातली पोरं बसून चिंचा खातात. पण मित्रांनो, एके काळी माझा आवाज ऐकल्याशिवाय महुआपुरव्यात तवा चुलीवर चढत नसे. ही बढाई नाही. थोडी असेलही, पण खरी आहे.

माझे दोन दगड राजस्थानातल्या खाणीतले. बाकीचा लोखंडी देह लखनौच्या ऐशबागेतल्या एका कारखान्यात ओतला गेला. तिथून बैलगाडीत बसून मी बख्शी का तालाबच्या पुढे, सीतापूर रस्त्यापासून आत असलेल्या या गावात आले. सोबत एक डिझेल इंजिन होतं. आमच्या दोघांत आवाज सगळा त्याचा आणि काम सगळं माझं. पुक्-पुक्, पुक्-पुक् करत ते असा काही थाट दाखवायचं की लोकांना वाटावं, दळण तेच दळतंय.

मला आणलं कोणी, ते सांगते. रामदास आणि कांताबाई हे मूळचे अमरावतीकडचे. रामदास टेलिफोन खात्यात होते. बदली होऊन लखनौला आले, आणि साहेबांच्या कॉलनीत घर घेण्याऐवजी त्यांनी गावाच्या कडेला जरा जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. घरात भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, दारात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली लाल माठ. त्यांची मुलगी नीला मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची.

१९७६ सालची गोष्ट. गावाची बैठक भरली होती. गावात दुकान म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि कोणतं दुकान आधी यावं यावर सगळे एकाच वेळी बोलत होते. कुणाला औषधांचं दुकान हवं होतं. कुणाला सायकलचं पंक्चर काढणारा हवा होता, कारण रस्ता असा की हवा टिकतच नसे. कुणी टपालपेटी मागितली. जगदीश नावाचा एक उत्साही गडी म्हणाला, "पहले चाय की दुकान खुले, बाकी सब बैठ के सोचेंगे." सगळे हसले.

मग रामदुलारी अम्मा उठल्या. गावातलं वजनदार माणूस. डोक्यावरून पदर, हातात काठी, आणि बोलणं असं की सरपंचही खाली बसायचा.

"दवाई बीमार खाए, चाय निठल्ला पिए," अम्मा म्हणाल्या, "आटा तो सबका चाही. गेहूँ मूड़ पे धर के तालाब तक हम कब तक जाई?"

बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या कांताबाईंनी ते ऐकलं. त्यांनाही ज्वारी दळायला दोन पायली डोक्यावर घेऊन बख्शी का तालाबच्या गिरणीपर्यंत तेवढंच चालावं लागे. घरी येऊन त्या म्हणाल्या, "अहो, चक्की आपणच टाकू. तुम्ही नोकरी करा, चक्की मी सांभाळते."

"तुला येईल?" रामदासांनी विचारलं.

"माझ्या मामांची गिरणी होती. दगडांना टाकी लावताना मी शेजारी बसायची. बघून बघून हात शिकला माझा."

अशी मी आले. आणि खरंच सांगते, त्या बाईचा हात माझ्या दगडांना लागला की मला बरं वाटायचं. पीठ जाड पडतंय की बारीक, हे ती चिमटीत घेऊन सांगायची. पिठाच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही रोज झटकायची. दगड गुळगुळीत झाले की छिन्नी घेऊन स्वतः टाकी लावायची. असा मालक मिळाला की यंत्राला आभाळ ठेंगणं होतं.

गावाने सुरुवातीला जरा अंग राखलं. "कौन बिरादरी?" असं एकाने विचारलंच. कांताबाई सरळ म्हणाल्या, "हम बौद्ध हैं." त्यावर पुष्कळांनी मनातल्या मनात पुष्कळ विचार केला. शेवटी पहिलं दळण रामदुलारी अम्मांनीच आणलं. मग रांग लागली. पीठ कोरडं, त्याला काही लागत नाही, असं गावाने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

माझ्याभोवती माणसं थांबू लागली, तशी गावाची हौसही पुरी होऊ लागली. जगदीशने कडुनिंबापलीकडे चहाची शेगडी मांडली. मग पंक्चरवाला आला. टपालपेटी कडुनिंबावरच ठोकली गेली. औषधवाला आठवड्याच्या बाजारादिवशी पेटी घेऊन येऊन बसू लागला. जिथे माणसं दळणाची वाट बघतात तिथेच बाजार बसतो, हे मला तेव्हा कळलं. मला मान कमी आणि गर्व जास्त झाला होता, हे मान्य.

एकच गोष्ट मला खुपायची. उन्हात बायका तासन् तास बसायच्या. घसा कोरडा पडला की उठून दूरच्या विहिरीवर जायच्या. चार पावलांवर कांताबाईंचा गार पाण्याचा माठ होता. वर झाकण, झाकणावर घासून चकचकीत केलेला लोटा. तो लोटा रोज भरला जायचा आणि रोज तसाच राहायचा. कांताबाईंनी कधी कुणाला आग्रह केला नाही. संध्याकाळी त्या ते पाणी कडुनिंबाला घालायच्या.

मग चैत्रातलं नवरात्र आलं, आणि घात झाला.

इकडे नवरात्रात उपवास करणारे धान्याला शिवत नाहीत. शिंगाड्याचं पीठ खातात. नवरात्राच्या आदल्या सकाळी रामदुलारी अम्मांनी सुके शिंगाडे पाठवले आणि दुपारी स्वतः पीठ न्यायला आल्या. कांताबाईंना वाटलं, अम्मांचं दळण म्हणजे कसं लख्ख झालं पाहिजे. आदल्या संध्याकाळी माझ्यात हळद दळली गेली होती. तेव्हा त्यांनी मामांच्या गिरणीत शिकलेली रीत केली. स्वच्छ निवडलेले मूठभर गहू आधी माझ्यात टाकले, ते दळून बाहेर काढले, म्हणजे दगडांतली हळद गव्हाबरोबर निघून जाते. मग शिंगाडे दळले. पीठ पांढरंशुभ्र पडलं. मला माझाच अभिमान वाटला.

"अम्मा, एकदम साफ करके दिया है," कांताबाई आनंदाने म्हणाल्या. "पहले मुट्ठीभर गेहूँ डाला, फिर आपका सिंघाड़ा."

पिशवीकडे गेलेला हात अम्मांनी मागे घेतला.

"गेहूँ?" त्या म्हणाल्या. "बरत के आटे मा गेहूँ?"

कांताबाईंना आधी कळेचना. त्यांच्या घरी उपवास कुणी धरत नसे. बाबासाहेबांच्या मागे त्यांच्या आईवडिलांनी ते सगळं सोडलं होतं. गहू म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्यात स्वच्छ धान्य, आणि अम्मांच्या लेखी तोच उपवास मोडणारा! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच सगळं समजावून सांगितलं असतं. पण माझ्या तोंडातून फक्त पीठ बाहेर पडतं.

अम्मांनी ते पीठ गाईपुढे ओतलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुम बरत नहीं मानतीं, ना मानो. हमार काहे तोड़ दिहिउ?" त्या वर्षी त्यांनी नऊ दिवस उकडलेल्या बटाट्यांवर काढले.

अम्मा त्याबद्दल पुढे कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायला बाकीचे होतेच. जे आधीपासून नाकं मुरडत होते त्यांना आयतंच निमित्त मिळालं. "जान-बूझ के किया," असं घरोघर झालं. नव्या गव्हाचे दिवस. खरं म्हणजे मला श्वास घ्यायला फुरसत नसायची, आणि मी गप्प उभी. बायका पुन्हा डोक्यावर ओझी घेऊन तालाबच्या वाटेला लागल्या. माणसं नाहीत म्हटल्यावर पंक्चरवाला गेला, औषधवाला फिरकेना. जगदीशने शेगडी उचलली, तेव्हा मान खाली घालून कांताबाईंना म्हणाला, "भौजी, बुरा न मानना." गाव पुन्हा पहिल्यासारखं झालं. मी आणि इंजिन एकमेकांकडे बघत उभे राहिलो. बिचारं इंजिन! गप्प बसायची त्याला सवयच नव्हती.

कांताबाई मात्र रोज मला पुसायच्या. रोज माठ भरायच्या.

पाऊस सरला तेव्हा रामदास म्हणाले, "जवळच्या इटौंजा गावचा एक माणूस गिरणी विकत मागतोय. परवा बघायला येईल. देऊन टाकू, कांता. उगाच जीव जाळू नकोस."

मला काही इटौंज्याला जायचं नव्हतं.

"परवा नवरात्राचा आदला दिवस," कांताबाई म्हणाल्या. "त्याला सांगा, चक्की विकायची नाही. मी अम्मांकडे जाऊन विचारते, शिंगाडा कसा दळायचा."

रामदास चिडले. "आपण व्रत मानत नाही. आपल्या बापाने ते सोडलं. मग आता त्यांच्या व्रताची चाकरी करायची?"

"व्रत त्यांचं आहे, ते त्यांनी बघावं. पीठ माझ्या गिरणीचं आहे. ते चुकीचं पडलं, ही लाज माझी." कांताबाईंचा आवाज चढला नव्हता. "मी डोकं टेकवायला जात नाही. काम शिकायला जाते."

रामदासांनी बराच वेळ बाबासाहेबांच्या तसबिरीवरची धूळ पुसली, जी तिथे नव्हतीच.

पुढचं मला नीलाने सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्या नरसाळ्याला टेकून ती इंजिनाशी बोलत होती, मी ऐकलं. कांताबाई अम्मांच्या अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अम्मा, हमारे घर में व्रत नहीं होता, इसलिए मालूम नहीं था. हमने हल्दी निकालने को गेहूँ डाला था, तोड़ने को नहीं. आप बताइए कैसे पीसना है, वैसे ही पीसूँगी." अम्मांनी एवढंच विचारलं, "पत्थर खुलिहैं?"

"खुलेंगे."

नवरात्राच्या आदल्या दिवशी सकाळी अम्मा आल्या. काठी टेकत, शिंगाड्यांची पिशवी घेऊन. जमिनीवर बसकण मारली आणि देखरेख सुरू झाली. माझा वरचा दगड उचलायला दोन माणसं लागतात. कांताबाईंनी एका बाजूने हात घातला. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून मी बघते तर रामदास! ऑफिसचे कपडे बदलून, बाह्या सारून उभे. दगड उघडले, पाण्याने धुतले, घासले, बाजेवर उन्हात वाळवले. नरसाळं आतून पुसलं. पिठाची बाही तर कांताबाईंनी नवीच शिवली होती. एवढी आंघोळ मला कारखान्यातून निघाल्यावर पहिल्यांदाच मिळाली.

तोवर गाव जमलं होतं. दुरून बघत होतं.

"अब पहिला मुट्ठी सिंघाड़ा ही डारो," अम्मा म्हणाल्या. "ऊ गाय का. ओके बाद हमार."

इंजिनाचं पुक्-पुक् सुरू झालं. मी फिरले. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ दळलं, पण तेवढं जीव लावून कधी दळलं नाही. अम्मांनी पीठ चिमटीत घेतलं, हुंगलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. मान हलवली, तशा बघ्यांतल्या दोन-तीन बायका घराकडे पळाल्या. त्या काय आणायला गेल्या, ते मला लगेच कळलं.

पण अम्मा उठल्या नाहीत. ऊन तापलं होतं. सकाळपासून त्या तिथेच होत्या. त्यांनी पदराने मान पुसली आणि म्हणाल्या,

"बहू, गला सूख गवा. तनिक पानी पिलाओ."

कांताबाईंनी विचारलं, "हमारे घड़े का, अम्मा?"

"तो का तोहार चक्की छोड़ के हम कुआँ जाई?"

कांताबाईंनी लोटा भरला. अम्मांनी लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्या गावासमोर गटागटा रिकामा केला. मग तो पुढे करून म्हणाल्या, "अउर देव." मागून जगदीश पुढे आला. "भौजी, हमको भी." त्या दुपारी माठ रिकामा झाला. कडुनिंबाला पाणी उरलं नाही, आणि कडुनिंबाने राग मानला असेल असं मला वाटत नाही.

दसऱ्याला कांताबाईंच्या घरी पांढरे कपडे, मेणबत्त्या आणि खीर असते. त्यांच्या धम्माचा तो मोठा दिवस. त्या वर्षी खीर खायला अम्मा आल्या, आणि जाताना म्हणाल्या की साखर कमी आहे.

पुढे जगदीशची शेगडी परत आली, पंक्चरवाला आला, औषधवाल्याने तर पक्की टपरीच टाकली. पुढच्या दशकात वीज आली आणि कांताबाईंनी विजेची नवी चक्की बसवली. ती माझ्याहून वेगाने दळते, आणि तिला स्वतःबद्दल बोलायची सवय नाही, हे तिचं चांगलं आहे. मला त्यांनी भंगारात दिलं नाही. कडुनिंबाखाली ठेवलं, माठाच्या शेजारी. नवरात्राच्या आदल्या दिवशी नव्या चक्कीचे दगड उघडतात, तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून बघते.

मित्रांनो, गावात, वस्तीत काय काय हवं हे तुम्हीही उद्या मागाल. गिरणी मागा, दवाखाना मागा, टपालपेटी मागा, जरूर मागा. यंत्राला वेळेवर तेल द्या, दगडांना टाकी लावा, नरसाळं झटकत जा. पण तुमच्यासाठी जो माणूस दिवसभर धुळीत उभा राहतो, त्याच्या माठातलं पाणीही कधी प्या. माझे दगड महुआपुरव्यात वर्षानुवर्षं फिरले. पण मी खरी या गावची झाले, ती अम्मांनी लोटा मागितला त्या दुपारी.