मांडीवरचा पीळ

मे महिन्यात, ऐन पावसाळ्यात, केनियातल्या दियानीच्या किनाऱ्यावर शहाणं माणूस जात नाही, हे कावुथानं निघण्यापूर्वीच मुलाला बजावलं होतं. पण मुसेंबी ऐकेल तर शपथ.

"सगळ्यांना एकदम सुट्टी मिळाली, हे कमी आहे का?" तो म्हणाला. "आणि आई, तो वाख घरीच राहू दे हं. हॉटेलात पाय उघडा टाकून बसायचं नाही."

"बरं," कावुथा म्हणाली, आणि घायपाताच्या वाखाची जुडी आपल्या बॅगेत लुगड्यांच्या घडीखाली दाबून ठेवली.

तिचा नाइलाज होता. परतल्यावर लगेचच्या शनिवारी धाकट्या लेकीचं, मुंबेचं लग्न होतं. कांबा जमातीच्या बायकांत लेकीच्या पहिल्या किओंडोचं, म्हणजे सासरी न्यायच्या विणलेल्या पिशवीचं, सूत आईनंच स्वतःच्या मांडीवर वळायचं असतं. विणकामाला मावशी-आत्यांचा हात लागलेला चालतो, सुताला नाही. नवऱ्याकडच्या म्हाताऱ्या ती पिशवी उलटी करतात, बुडाशी बोट फिरवतात, आणि यंत्रावरचं सूत असेल तर तोंडावर काही न बोलता आयुष्यभर बोलत राहतात. पिशवी काठापर्यंत आली होती. फक्त वरच्या पट्ट्यांचं सूत वळायचं राहिलं होतं.

पाऊस आधीच येऊन बसला होता. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. नात न्दानू काचेला नाक लावून उभी असायची. खोलीत दिवसाढवळ्या अंधार, वीज येऊन-जाऊन. उजेड काय तो झापांच्या छपराखालच्या जेवणघरात, कारण तिथे भिंतीच नव्हत्या.

पहिल्या दिवशी मुसेंबी झोपलेला असताना कावुथानं तिथल्या कोपऱ्यात बसून थोडं सूत वळलं. लुगडं वर सरकवायचं, वाखाचे दोन पेड मांडीवर ठेवायचे, तळव्यानं पुढे रेटायचे, म्हणजे प्रत्येक पेडाला आपापला पीळ बसतो. मग तळवा मागे ओढायचा, की दोन्ही पेड उलट्या दिशेनं एकमेकांत गुंतून जातात. दोघांनाही उलगडायचं असतं, आणि त्या धडपडीतच ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पावसाळी हवेत वाख मऊ पडला होता. काम झरझर होत होतं.

घोटाळा केला तो सुनेनं, आणि तोही प्रेमानं.

"आई, तुमच्यासाठी मालीश सांगितलंय," कालेक्ये म्हणाली. "नाही म्हणायचं नाही."

"करते. पण उजव्या मांडीला तेल नको. तिला सांगून ठेव."

"मीच सांगते," म्हणत कालेक्ये मालीशवालीकडे गेली, आणि वाटेत न्दानू चिखलात घसरल्यामुळे सांगायचं विसरली. कावुथा पालथी पडली. छपरावर पाऊस, पाठीवर गरम हात. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला कोणी हात लावला नव्हता. तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा ती नखशिखांत खोबरेल तेलानं चमकत होती.

तिनं मांडीवर वाख ठेवून पाहिला. पेड नुसते घसरत होते. पीळ बसायला कातडी कोरडी लागते, किंचित खरबरीत. वर्षानुवर्षं कमावलेली ती जागा आता माशासारखी गुळगुळीत झाली होती. साबणानं धुतली, पुन्हा धुतली, पंचानं खसाखसा पुसली. वाख तरीही लोळत राहिला.

"आई, माझंच चुकलं," कालेक्ये रडवेली झाली. "बाजारातून तयार सूत आणू का?"

"आण. आणि शनिवारी त्या म्हाताऱ्यांसमोर तू उभी राहा."

कावुथा उठली, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून भर पावसात हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या मागे गेली. तिथे मासे भाजायची चूल होती.

"राख दे रे बाबा," तिनं आचाऱ्याला सांगितलं.

"राख? खायला?"

"तुझ्या कालच्या माशापेक्षा बरी लागेल. दे."

आचारी हसत सुटला आणि त्यानं डबाभर राख दिली. कावुथा जेवणघरातल्या आपल्या कोपऱ्यात येऊन बसली, लुगडं वर घेतलं आणि मांडीवर राख चोळली. तेल राखेत शिरलं, ती झटकून पुन्हा चोळली. मांडी करडी झाली. पेड ठेवले, तळवा रेटला. पीळ बसला.

दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. लोक येऊ लागले. हॉटेलची व्यवस्थापक बाई लगबगीनं आली.

"माई, हे आपण खोलीत करावं."

"खोलीत उजेड आहे का?"

"नाही, पण इतर पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं."

"त्यांना समुद्राकडे बघायला सांगा. त्यासाठीच आलेत ना?"

बाईनं वेताचा पडदा मागवला आणि तिच्यासमोर उभा केला. कावुथानं खुर्ची उचलली आणि पडद्याच्या या बाजूला येऊन बसली. पोऱ्यांनी पडदा हलवला. खुर्चीही हलली. पलीकडच्या टेबलावरची माणसं जेवण सोडून बघू लागली, एक म्हातारा तर मान डोलावत होता. न्दानू खिदळायला लागली.

तेवढ्यात मुसेंबी ताट घेऊन आला आणि जागच्या जागी थिजला.

"आई! लुगडं खाली घे. सगळे बघतायत."

"ही मांडी तू जन्मल्यापासून बघतोयस. आजच लाज वाटली?"

"इथे नको एवढंच म्हणतोय मी."

"मग कुठे? शनिवार इथे थांबणार नाही. तुझ्या बहिणीला यंत्राच्या सुताची पिशवी देऊन पाठवू?"

"तसं नाही..."

"लाज तुला वाटतेय ना? पडदा रिकामाच आहे. तू बस त्याच्या आड."

व्यवस्थापक बाईनं तोंड फिरवलं, बहुधा हसू लपवायला. मुसेंबीनं इकडेतिकडे पाहिलं. आणि खरंच, ताट घेऊन तो पडद्याआड जाऊन बसला. चमच्याचा आवाज येत राहिला.

कावुथा वळत राहिली. पुढे, मागे. सूत लांबत तिच्या पायाशी वेटोळं घालून पडत होतं. बाहेर पाऊस तसाच. कालेक्येनं गुपचूप येऊन राखेचा डबा सासूच्या हाताजवळ सरकवला.

बऱ्याच वेळानं पडद्यामागून आवाज आला, "आई, सूत पुरेल ना?"

"पडद्याआडून बोलणाऱ्याला मी उत्तर देत नाही."

चमचा थांबला. वेत कुरकुरला. मुसेंबी बाहेर आला, तिच्या समोर, सगळ्या टेबलांकडे पाठ करून खाली फरशीवर बसला आणि सुताचं टोक हातात घेऊन ताणून बघू लागला.

"पुरेल," कावुथा म्हणाली. "पण ताणू नकोस. आणि तेलकट हात पूस आधी."