खांदे उडवा, गुरुजी!

आमच्या ह्यांना, म्हणजे रामकुंडावरच्या शामसुंदर गुरुजींना, जन्मात कधी "मला माहीत नाही" म्हणता आलं नाही. मंडईतल्या भेंडीपासून चंद्रावरच्या पाण्यापर्यंत प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार, आणि तेही ठणकावून.

गेल्या वर्षी द्वारका चौकात स्कूटर घसरली आणि उजव्या खांद्याची नस तुटली. कोपरापासून खाली हात ठणठणीत, पिंडसुद्धा वळायचे. पण हात काही वर उचलेना. वाकलेल्या यजमानाच्या डोक्यापर्यंत पोचेना, आणि डाव्या हाताने आशीर्वाद द्यायला हे तयार नाहीत. "हात आला नाही तर मी घाट सोडणार," असं एकदा म्हणाले, तेव्हा मला रडूच आलं.

डॉक्टरांनी ऑपरेशन करून खांदे उडवायची नस हात उचलायच्या नसेला जोडली. काही महिन्यांनी व्यायाम शिकवणारी यशश्री म्हणाली, "गुरुजी, 'कुणास ठाऊक' म्हणताना आपण खांदे उडवतो ना, तसे उडवा. हात आपोआप उठेल."

"तसे म्हणजे कसे?" ह्यांनी विचारलं. खरंच विचारलं हो!

मग रोज मीच प्रश्न विचारायला बसले.

"अहो, शेजारच्या कौसरभाभी बिर्याणीत काय घालतात?"

"जायपत्री." कधी वासही घेतला नाही, पण उत्तर हजर.

"पुढच्या जन्मी मी कोण होईन?"

"माझीच बायको."

हात मांडीवरच. मी कपाळावर हात मारून घेतला. माझा उठतो ना!

परवा हे गोळ्या घरी विसरले, म्हणून मी घाटावर गेले. चांदवडचा एक टेम्पोवाला आईचं पिंडदान करून ह्यांच्यापुढे बसला होता.

"गुरुजी, माय माझ्यावर रागावून गेली. भांडण झालं व्हतं. तिनं माफ केलं आसंल का?"

आता हे "केलंच!" म्हणणार, मला खात्री. ह्यांनी तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग हळूच खांदे उडवले.

"नाही रे बाबा, मला नाही माहीत."

आणि उजवा हात वर उठला. टेम्पोवाल्याला वाटलं आशीर्वाद, त्याने डोकं खाली घातलं.

"अहो, हात उठला!" मी ओरडले.

"उठणारच होता," हे ऐटीत म्हणाले. "मला माहीत होतं!"

त्यासरशी खांदे सैल पडले आणि हात धपकन त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर आदळला.

मी जीभ चावली. तो मात्र डोकं चोळत, ओल्या डोळ्यांनी हसायला लागला.

"राग गेला की माय आशीच टपली मारायची," तो म्हणाला.