माझ्या नावाची हजेरी

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल. त्यात तुमचा काही दोष नाही. ज्या घरच्या गाडीवर मी अकरा वर्षं राबले, तिथेही एक माणूस सोडला तर मला कुणी ओळखलं? मी मोटारसायकलची एक जुनी सर्व्हो मोटर आहे. मुठीत मावेन एवढी, काळी, चौकोनी. सध्या मुक्काम बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, खिडकीतल्या फळीवर.

कारखान्यात एका बाईंनी मला तीनदा फिरवून पाहिलं, पाठीवर हिरवा ठिपका लावला आणि म्हणाल्या, "नीट नांद गं बाई." मी नांदले. सीटखाली, अंधारात, इंजिनाची धग सोसत नांदले.

काम तसं साधं होतं. सायलेन्सरच्या नळीत एक झडप असते. गाडी हळू असली की ती अर्धी मिटायची, वेग घेतला की उघडायची. केबल ओढून ती मीच फिरवायचे. म्हणून तर गाडी हळू चालवतानाही गचके देत नसे, आणि गल्लीत शिरली तरी कुणाची झोपमोड होत नसे. किल्ली फिरवली की गाडीचा कॉम्प्युटर आधी सगळ्यांची हजेरी घ्यायचा. माझी पाळी आली की मी झडप एकदा पूर्ण उघडून पूर्ण मिटवायचे. झिर्रर्र असा बारीक आवाज यायचा.

तो आवाज ऐकल्याशिवाय बाबा गाडी सुरू करत नसत. बाबा म्हणजे आमचे मालक, तीस वर्षं लेथ मशीनपुढे उभा राहिलेला माणूस. झिर्रर्र झालं की मान हलवून म्हणायचे, "हजर आहे बरं का." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सीट काढायचे आणि माझ्या केबलींना तेलाचे दोन-दोन थेंब द्यायचे. लाड म्हणाल तर एवढेच. पण तेवढ्यावर मी खूश होते.

मग बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला, पाय लटपटायला लागले. ते आतल्या खोलीत खुर्चीत बसले आणि गाडी चिरंजीवांकडे गेली. किल्ली देताना बाबा एवढंच म्हणाले, "बाकी काही नको करूस. महिन्यातून एकदा केबलला तेल दे."

"हो बाबा, देतो की."

ते 'हो' मी दोन वर्षं ऐकलं. तेल काही दिसलं नाही.

केबली गंजल्या, अडकल्या. मी जीव खाऊन ओढत होते, पण झडप हलेना. शेवटी कॉम्प्युटरने समोरचा दिवा पेटवला. मेकॅनिकने केबलला हातसुद्धा लावला नाही. उभ्या उभ्या माझ्यावर खापर फोडून मोकळा झाला. "मोटर गेली. नवी कशाला घालताय? हल्ली सगळे काढूनच टाकतात. गाडी हलकी होते."

"किती हलकी?"

"केबली धरून पाऊण किलो तरी."

दोन वर्षांत चिरंजीवांचं पोट किती सुटलं, ते सीटखाली बसून मी रोज सोसत होते. पण हलकं व्हायचं होतं ते माझ्या जिवावर.

झडप कायमची उघडी बांधून टाकली आणि माझ्या जागी आली नखाएवढी एक डबी. तिला ना ओढायचं, ना फिरायचं. कॉम्प्युटरने माझं नाव पुकारलं की "हजर, सगळं ठीक" एवढंच म्हणायचं. बस्स. दिवा विझला. चिरंजीव खूश झाले. मला मात्र फार लागलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच दिवशी बाबांनी विचारलं, "अरे, मोटरचा आवाज नाही आला. आणि गाडी एवढी का भुंकतेय?"

"काढली बाबा. खराब झाली होती."

"आण बघू इकडे."

चिरंजीवांनी बिस्किटांच्या डब्यात घालून मला आणि केबलींना त्यांच्यापुढे ठेवलं. बाबांनी तीन दिवस त्या केबली तेलात भिजवल्या, थरथरत्या हातांनी पुढे-मागे ओढल्या. तिसऱ्या दिवशी त्या सरकायला लागल्या. मग एका जुन्या बॅटरीच्या तारा त्यांनी मला लावल्या. झिर्रर्र! बाबांचे डोळे भरून आले. "तुझी काही चूक नव्हती गं," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी चिरंजीवांना सांगितलं, "मोटर ठणठणीत आहे. केबल अडकली होती. परत लाव."

"बघू बाबा. वेळ मिळाला की लावतो."

चार महिने गेले. माझा डबा बाबांच्या खोलीतल्या खिडकीच्या फळीवरच राहिला. बाबा रोज विचारायचे, मग आठवड्याने विचारायला लागले. दर रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत फोन वाजायचा. बाबांच्या बहिणीचा. चिरंजीव मोठ्याने बोलतात, त्यामुळे आत सगळं ऐकू येतं.

"बाबा ना? एकदम मजेत, आत्या. नाही गं, आत्ता झोपलेत."

बाबा खुर्चीत टक्क जागे असायचे. फोनसाठी हात थोडा पुढे केलेला. मग तो हात मांडीवर परत यायचा.

आणि अचानक माझी आठवण झाली! गाडीची सरकारी तपासणी आली होती. तिथे आवाज मोजतात, आणि तिथे डबीची थापेबाजी चालत नाही. मला डब्यातून काढलं, पुसलं, जागेवर बसवलं, झडप सोडवली. सकाळी किल्ली फिरली. झिर्रर्र.

आतल्या खोलीतून बाबांचा खणखणीत आवाज आला, "हजर!" कितीतरी महिन्यांनी ते एवढ्या मोठ्याने बोलले होते.

तपासणीवाले साहेब वाकून बघत म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे. छान सांभाळलीय हो गाडी." चिरंजीवांनी हसून मान डोलावली. ते कौतुक त्यांनीच घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डब्यात. बाबा सकाळी कान देऊन बसले होते. किल्ली फिरली, आणि थेट गाडीचं भुंकणं ऐकू आलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं. यावेळी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

तो रविवार होता. थोड्या वेळाने चिरंजीव फेरफटका मारून आले आणि फोन वाजला. "मजेत आहेत, आत्या. झोपलेत." यावेळी बाबांचा हात मांडीवरून उचललासुद्धा गेला नाही.

मित्रांनो, मला परत गाडीवर बसवा असं मी कुणाला म्हणत नाही. माझे दिवस गेले. पण एखादी वस्तू अडली, तर ती काढून टाकण्याआधी तिला तेल मिळालं होतं का, एवढं बघा. आणि घरातल्या माणसाची चौकशी करणारा फोन आला, तर त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. फोन आत नेऊन त्याच्या हातात द्या. चिरंजीव हा डबा घेऊन आत आले, तेव्हा मी मोजलं आहे. बाहेरच्या खोलीतून बाबांच्या खुर्चीपर्यंत फक्त आठ पावलं आहेत.