सातवा फर्मा

आत्याबाईंच्या बाइंडिंगखान्यात तीस वर्षे एकच कॅसेट वाजत आली होती, आणि ती बदलावी असे म्हणण्याची छाती आजवर कोणाला झाली नव्हती. एक धीरगंभीर गृहस्थ त्या कॅसेटवर संथ लयीत गात असत आणि त्यांच्या लयीवर इथली शिलाई चाले. छापलेल्या कागदाच्या सोळा पानी घडीला फर्मा म्हणतात; असे बारा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तकाचे अंग तयार होते. त्यामुळे कामाची मोजणीही गाण्यांतच होई. जाडजूड ग्रंथ आला की आत्याबाई तो हातात तोलून म्हणत, “सहा गाण्यांचा आहे. संध्याकाळ होईल.” आणि संध्याकाळच होई.

सोमवारी सकाळी टेपरेकॉर्डरने त्या गृहस्थांना एका तानेच्या मध्यावर गिळले. कटिंग मशीन चालवणाऱ्या काकांनी चिमट्याने फीत उपसून काढली, तेव्हा टेबलावर काळ्या शेवयांसारखा ढीग पडला. आत्याबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ढीग तसाच होता.

“गेले,” काका म्हणाले.

“कळतंय मला,” आत्याबाई म्हणाल्या. “कामाला लागा.”

पण काम सरकेना. गाण्याची जागा टाचणीने घेतली. टाचणी म्हणजे शिलाईला बसणारी बाई. अंगाने तशी, जिभेनेही तशीच. तिने आपल्या नणंदेची कथा सुरू केली आणि मंगळवार संध्याकाळपर्यंत ती नणंद अजून लग्नाच्या मांडवापर्यंतही पोहोचली नव्हती. वाचनालयाची साठ पुस्तके शुक्रवारी द्यायची होती. शिवून झाली होती अकरा.

बुधवारी सकाळी भाचेसुनेने तोंड उघडले. ती तीन महिन्यांपूर्वी शिलाई शिकायला येऊन बसली होती आणि आजवर “हो, आत्याबाई” एवढेच म्हणत आली होती.

“आत्याबाई, माझ्या मोबाईलला हा छोटा स्पीकर जोडला की खोलीभर ऐकू येतं. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक गाणं सुचवायचं. पुस्तक शिवून होईपर्यंत तेच फिरत राहील.”

“आवडीचं? इथं काम होतं, बाई. आवडी घरी.”

“बरं. मग टाचणीताई, नणंदेचं काय झालं पुढं?”

“अगं, ती म्हणते कशी—”

“लाव,” आत्याबाई म्हणाल्या. “पण नियम माझा. ज्या गाण्यात एक जरी फर्मा उलटा शिवला गेला, ते गाणं या खोलीत पुन्हा लागणार नाही. मग ते कुणाचंही असो. गाण्यागणिक गठ्ठे वेगळे ठेवायचे.”

दुपारपर्यंत सगळी गाणी बाद होतील आणि मोबाईल पिशवीत जाईल, असा त्यांचा चोख हिशेब होता. काकांनी टेपरेकॉर्डरची फीत सरळ करायला घेतलीच होती.

पहिला मान काकांचा. त्यांच्या आवडीचा कलावंत नाकाने बासरी वाजवीत असे. एक नव्हे, दोन. प्रत्येक नाकपुडीला एक.

“आणि तोंडानं काय करतो मग?” आत्याबाईंनी विचारले.

“मधूनमधून लोकांशी बोलतो.”

“सर्दी झाली की उपाशी मरत असेल.”

टाचणीच्या आवडीच्या तिघी सख्ख्या बहिणी होत्या. तिघी एकदम गात, एकमेकींसाठी थांबत नसत, आणि जी आधी संपवेल ती उरलेल्या दोघींवर ओरडे. “माहेरी गेल्यासारखं वाटतं हो,” टाचणी डोळे टिपत म्हणाली. आत्याबाईंनी दोन्ही गठ्ठे स्वतः तपासले. एकही फर्मा उलटा नव्हता. उलट टाचणीची शिलाई कधी नव्हे इतकी घट्ट बसली होती. ही गोष्ट आत्याबाईंना मुळीच आवडली नाही.

मग भाचेसुनेचे गाणे लागले.

“ही बाई एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा लोकांसमोर गायली,” ती म्हणाली. “त्याआधी चाळीस वर्षं इस्पितळात चादरी धूत होती.”

आत्याबाई बहात्तर वर्षांच्या होत्या.

साथीला काही नव्हते. पालथ्या टबावर बोटांच्या पेरांनी धरलेला ठेका, आणि तो आवाज. आवाज कसला, गंजलेल्या बिजागरीचे दार कोणीतरी मुद्दाम सावकाश उघडावे तसा तो निघे. गाण्यात ती बाई वाऱ्याला रागे भरत होती. मी धुते, मी पिळते, मी दोरीवर घालते, आणि तू मेल्या एका फुंकरीत चादर पळवतोस. आण परत, घडी घालून आण.

“गळा आहे की गिरणी?” आत्याबाई पुटपुटल्या आणि सुई ओवली.

दुसऱ्या फेरीला त्यांचा पाय टेबलाखाली ठेका धरू लागला. तो त्यांनी दुसऱ्या पायाने दाबून धरला. तिसऱ्या फेरीला ती बाई कडव्याच्या मध्यावर खोकली. “थांबा हं,” म्हणाली. घोट घोट पाणी प्यायल्याचा आवाज आला. भांडे खाली ठेवल्याचाही आला. आणि मग, जिथे सोडला होता नेमका त्याच सुरावर, कोणाचीही क्षमा न मागता, तिने वाऱ्याला पुन्हा बोलायला सुरुवात केली.

हे पहिल्या दोन फेऱ्यांतही झाले होते. पण आता आत्याबाई त्या खोकल्याची वाट पाहू लागल्या. चौथ्या फेरीत त्यांची सुई हवेत थांबून राहिली. असे जगता येते तर! थांबा म्हणायचे, पाणी प्यायचे, आणि लोकांनी थांबायचे.

शेवटची गाठ मारून त्यांनी पुस्तक चाळले. सातवा फर्मा डोक्यावर उभा होता.

पन्नास वर्षांत हे झाले नव्हते. आत्याबाईंनी समोर पाहिले. टाचणी दोऱ्याला मेण लावत होती, भाचेसून मान खाली घालून शिवत होती. आत्याबाईंनी ते पुस्तक गठ्ठ्यात अगदी तळाशी सरकवले आणि चहाला जाते म्हणून उठल्या. चहा त्या कधीच घेत नसत.

आता काय? कबूल करावे तर ते गाणे या खोलीतून कायमचे जाणार, तेही त्यांच्याच नियमाने. गप्प बसावे तर त्यांच्या हातचे चुकीचे पुस्तक वाचनालयात जाणार आणि कोणी वाचक ऐन रंगात आल्यावर मान उलटी करून बसणार. दारामागे उभ्या राहून त्यांनी पाचवी फेरी ऐकली. खोकला आला, पाणी आले, सूर आला.

त्या परत आल्या तेव्हा काका कापणीआधी पुस्तके तपासत होते. एका पुस्तकाशी त्यांचा हात थबकला. त्यांनी शेवटची गाठ निरखली. इथे प्रत्येकीची गाठ वेगळी. दुहेरी वळसा घालून आत वळवलेली गाठ एकट्या आत्याबाईंची. काकांनी आत्याबाईंकडे पाहिले, टबावरच्या ठेक्यावर हलणाऱ्या त्यांच्या चपलेकडे पाहिले, आणि घसा साफ केला.

“एक फर्मा उलटा आहे. माझ्या गठ्ठ्यात सापडला. नाकबासरीच्या.”

“अगंबाई!” टाचणी म्हणाली. “कुणी शिवलं?”

“गाठ नीट दिसत नाही,” काका म्हणाले. पन्नास पावलांवरून कागदाची जाडी सांगणारा माणूस! “असो. गेला बिचारा बासरीवाला. नियम म्हणजे नियम.”

सुटका समोर उभी होती. आत्याबाईंनी फक्त गप्प राहायचे होते. पण त्यांच्या मनात चित्र उभे राहिले: उद्या ही टाचणी घरोघर सांगत फिरेल की पन्नास वर्षे न चुकलेला हात अखेर चुकला, आणि तो कोणासाठी? दोन नाकपुड्यांसाठी?

“आणा इकडे ते!” त्या कडाडल्या. “गाठ माझी आहे. आणि माझा हात चुकेल तर त्या शिंकणाऱ्या माणसासाठी चुकेल होय? बाईच्या गाण्यात चुकला. खोकल्यापाशी. तुमचा बासरीवाला तुम्हाला लखलाभ.”

भाचेसुनेने हळूच हात पुढे करून गाणे बंद केले आणि स्पीकर उचलला.

“तो कुठं नेतेस?”

“नियम, आत्याबाई. या खोलीत पुन्हा लागणार नाही, म्हणालात.”

“म्हणाले ना. आणि माझा शब्द फिरत नाही.” आत्याबाईंनी कात्रीने स्वतःची गाठ कापली आणि दोरा उसवत सातवा फर्मा सोडवला. “शेजारी पुठ्ठ्याच्या खोलीत ठेव. दाराला लागून. दार सताड उघडं टाक.”

“तिथं?”

“तिथल्याबद्दल मी काही बोलले नाही.”

स्पीकर उंबऱ्यापलीकडे गेला. आत्याबाईंनी स्टूल उचलले आणि उंबऱ्याच्या अलीकडे, अगदी काठावर मांडले. काकांनी न विचारता दुसरे आणून ठेवले. टाचणी तिसरे घेऊन आली. टब वाजू लागला.

“नणंदेचं राहिलंच की,” टाचणी म्हणाली.

“गप्प,” आत्याबाई म्हणाल्या आणि सुई ओवली. “ती आता पाणी पिईल.”