लुदाबाईंचं माहेर

गोदाबाईंनी तुरीच्या शेंगांचं टोपलं मुद्दामच फरशीवर आदळलं.

"आजी, आवाज येते ना व," प्रणाली म्हणाली. तिने खुर्चीवर डबा ठेवून त्याला मोबाइल टेकवला होता आणि रेकॉर्डिंग लावलं होतं. समोर लुदाबाई इस्त्रीचं पातळ नेसून बसल्या होत्या.

घर आपलं, शेंगा आपल्या, नातही आपलीच. आता आवाजाचीही परवानगी काढायची का? कॉलेजात जुन्या माणसांच्या आठवणी आणायला सांगितल्या, तर कार्टीला सख्खी आजी दिसली नाही, रशियन आजी दिसली. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या लाल ज्वारीसाठी गोदाबाईसुद्धा उन्हात रांगेत उभ्या राहिल्या होत्या. पण ती पडली वरूडची रांग. तिचं कोणाला काय कौतुक!

लुदाबाई ही त्यांची धाकटी जाऊ. दीर गजेंद्र शेतीचं शिकायला मॉस्कोला गेला आणि चौऱ्याऐंशी साली ल्युदमिलाला घेऊन अमरावतीत उतरला. गजेंद्र वारल्यावरही त्या इथेच राहिल्या. चाळीस वर्षांत वऱ्हाडी अशी मुरली की भाजीवालीशी भावावरून भांडत, आणि भाजीवाली वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून हसत असे. गोदाबाईंना तिने कधी काडीही जास्तीची दिली नव्हती.

तिकडे रशियात रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग विचारायचं काय भेटून राहिलं, असं लुदाबाई सांगत होत्या. थैली सदा जवळ, तळहातावर शाईने नंबर. ती सवय इतकी हाडात भिनलेली की इथे आल्यावर शेगावला दर्शनाच्या रांगेत थैली उघडून उभ्या राहिल्या आणि पुढच्या बाईला विचारलं, काय वाटून राहिले? प्रणाली पोट धरून हसली. हा किस्सा गोदाबाईंनी शंभरदा ऐकला होता. दरवेळी लोक तितकंच हसतात याचाच त्यांना राग होता.

मग संत्र्यांचं निघालं. तिकडे उपाशी कोणी नव्हतं, पण संत्रं नवीन वर्षालाच दिसायचं. आई गिरणीतून सुटून रांगेत उभी राहायची आणि दोन संत्री आणायची.

"इथं आली तं सासूबाईनं टोपलंभर संत्री पुढ्यात ठेवली," लुदाबाई म्हणाल्या. "मी रडलीच."

गोदाबाईंचं नख शेंगेतल्या दाण्यात रुतलं. ते टोपलं त्यांच्या भावाने वरूडहून त्यांच्यासाठी आणलं होतं. सासूने ते उचलून नव्या गोऱ्या सुनेपुढे ठेवलं. आणि आजही नाव घेतलं ते सासूचंच. अंगाचा तिळपापड झाला त्यांच्या.

प्रणालीने पुढचं विचारलं. तिकडचं सोव्हिएत राज्य गेल्यावर काय झालं?

देश मोडला ते इथे टीव्हीवर पाहिलं, लुदाबाई म्हणाल्या. दुकानं भरली, पण आईच्या गिरणीचा पगार थांबला. दोन वर्षांनी आई गेली, ते महिन्याने कळलं.

"मंग तुमी गेल्या नाही?"

"कुठी जाऊ? देशाचं नाव बदललं. गावाचं कालिनिन होतं, थे त्वेर झालं. घर सरकारचं, माय गेली तं दुसऱ्याले देलं." त्यांनी पदराचं टोक सारखं केलं. "माहा जीव लय जळे पोरी, ह्या तुह्या आजीवर."

गोदाबाईंचे हात थांबले.

"दर दिवाळीले ह्या माहेराले जात. येतानी टोपलं आणत, भावजयीनं बांधून देलेलं. मले पाहवत नोयतं. मी दार लावून घेवो."

ते दार गोदाबाईंना चांगलं आठवत होतं. गोरीचा तोरा, असं त्या जन्मभर समजत आल्या. म्हणून तर टोपलं नेमकं त्याच दारापुढे सोडायच्या, एकेक संत्रं मोजत, मोठ्याने बोलत.

त्यांनी उरलेल्या शेंगा सोलल्या. मग मोबाइल चालू आहे की बंद हे न बघताच लुदाबाईंना म्हणाल्या, "आयतवारी थैली घेजो."

"कायले?"

"आधी उभं राहा, मंग विचार. तुहीच रीत ना?"

रविवारी दोघी एसटीने वरूडला गेल्या. भावजयीने दारातच लुदाबाईंचे हात धरले, जेवताना आग्रह केला आणि निघताना त्यांची थैली आधी भरली. वरची, निवडलेली संत्री त्यांच्या थैलीत. गोदाबाईंच्या थैलीत उरलेली, दोन तर डागी.

"आता चार दिवस राहाले या, लुदाबाई," भावजय म्हणाली.

गेल्या दहा वर्षांत असं ती गोदाबाईंना म्हणाली नव्हती. हिला इथे आणलं ती झक मारली, असं मनात येऊन गेलं.

परतीच्या गाडीत लुदाबाईंनी थैली मांडीवर घेतली आणि तिच्या तोंडावर दोन्ही हात ठेवून बसल्या.

"एक दे त्यातलं," गोदाबाई म्हणाल्या. "चांगलं पाहून."

लुदाबाईंनी थैली आणखी जवळ ओढली.

"तुमच्या थैलीतले खा, बाई. हे माह्या माहेरचे आहेत."

गोदाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि आपल्या थैलीत हात घातला.