बंद ऑफिसातलं लिंबाचं झाड

मी लिंबाचं झाड बोलतोय. झाड म्हणजे तसा कमरेएवढाच, कुंडीतला. अजून एकही लिंबू धरलेलं नाही, म्हणून येणारेजाणारे टोमणे मारतात. मारू देत. मला लिंबांसाठी आणलंच नव्हतं.

या इमारतीच्या गच्चीवर फुलपाखरांची बाग करायचं ठरलं, तेव्हा बाग आखणाऱ्या ताईंनी मला नर्सरीतून निवडलं. त्यांच्या नकाशात झेंडू, सदाफुलीपुढे लिहिलं होतं 'मधासाठी' आणि माझ्यापुढे 'खाण्यासाठी'. फुलपाखरू फुलावर पाहुणं म्हणून येतं. अंडी घालायला मात्र काही जातींना माझंच पान लागतं, कारण त्यांची अळी ते खाऊन वाढते. ताईंनी माळीकाकांना हे नीट समजावलं होतं. चेअरमनसाहेबांनी मात्र नकाशा वाचला आणि सगळ्यांना घरची लिंबं मिळणार म्हणून खुशीत सही ठोकली.

दुसऱ्याच महिन्यात एक काळं-पिवळं फुलपाखरू माझ्या कोवळ्या पानांवर टेकून गेलं. मग तीन अळ्यांनी माझा फडशा पाडायला घेतला. खरं सांगतो, इतक्या सुखात मी कधीच नव्हतो.

चेअरमनसाहेब वर आले आणि त्यांचा पारा चढला.

"काका, आपण फुलपाखरं मागवली होती. ही कीड कुणी आणली?"

"साहेब, हीच पुढं फुलपाखरं..."

"मला शिकवू नका. परवा उद्घाटन आहे. हे टक्कल पडलेलं झाड लोकांना दाखवू?"

काकांनी दोन अळ्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. तिसरी त्यांना दिसली होती. ती त्यांनी पानाआड तशीच राहू दिली. मग मला उचलून खाली सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाशेजारी ठेवलं.

इथे एसी चालतो, म्हणून खिडकी कायम बंद. त्या अळीनं माझ्या फांदीला स्वतःला धाग्यानं बांधून घेतलं आणि तिचा कोश झाला. आज संध्याकाळी तो काळपट पडला, आतले पंख दिसू लागले. उद्या फुलपाखरू बाहेर येणार.

"चला, आता एकदम सोमवारी!" म्हणत क्लार्कबाईंनी नुकतंच कुलूप घातलं. तीन दिवस सुट्टी आहे. काकांकडे इथली किल्ली नसते.

माझ्याकडे त्याला द्यायला फूल नाही. पंख वाळले की ते उजेडाकडे, म्हणजे काचेकडेच जाणार. मला ओरडता येत नाही, जागचं हलता येत नाही.

किल्ली कुणाकडे असेल, तर बाबांनो, ती खिडकी तेवढी उघडा. माझी पानं गेली, त्याचं मला काही नाही. पण ज्याला पोटभर खाऊ घालून वाढवलं, त्याला काचेवर आपटून आपटून थंड होताना बघायचं, एवढं मात्र माझ्याच्यानं होणार नाही.